कान झाकावे, डोके आवळू नये

वाचकांचे प्रश्न : गोंगाटात वापरायचे इअरमफ

बडोद्याच्या वाचकांकडून इअरमफबद्दल आलेल्या पत्रांची उत्तरे या अंकात एकत्र देत आहोत. इअरमफ म्हणजे कान झाकणारे दोन कप, त्यांच्या कडेला डोक्यावर टेकणाऱ्या मऊ गाद्या आणि कपांना जोडणारा बँड. पत्रं वेगवेगळ्या जागांहून आली असली, तरी बहुतेकांची तक्रार एकच आहे: मफ आवाज अडवतो, पण डोक्यावर टिकत नाही. आमच्या मते ही तक्रार दुय्यम नाही. काढून ठेवलेला मफ काहीच अडवत नाही, त्यामुळे त्याचा आरामशीरपणा हा त्याच्या संरक्षणाचाच भाग आहे.

प्रश्न : आमचं पत्र्याचं प्रेसकाम आहे. आठ पॉवर प्रेस, दोन ग्राइंडर. आवाज ९५ डेसिबलच्या आसपास भरतो. सगळ्यांना सर्वांत जास्त रेटिंगचे, महागातले इअरमफ आणून दिले. दुपारी फेरी मारली की निम्म्या लोकांच्या मफ गळ्यात असतात. सांगून, रागावून झालं. आता काय करावं? — कारखानदार, मकरपुरा जीआयडीसी

उत्तर : आधी थोडा हिशेब पाहा. समजा मफ ३० डेसिबल अडवतो. ४८० मिनिटांच्या पाळीत माणसाने तो मिळून ४८ मिनिटं काढला: दोन फोन, तंबाखू मळणं, मुकादमाशी बोलणं, घाम पुसणं. मफ कानावर असताना आवाजाच्या ऊर्जेचा हजारावा भाग आत येतो, पण त्या ४८ मिनिटांत सगळीच ऊर्जा आत जाते. दिवसभराचं गणित मांडलं तर मिळालेलं संरक्षण ३० नव्हे, फक्त १० डेसिबल ठरतं. २४ मिनिटं काढला तर १३. पाच मिनिटं काढला तरी २० च्या वर जात नाही. अर्धी पाळी गळ्यात राहिला तर जेमतेम ३. उलट साधा १५ डेसिबलचा मफ पूर्ण पाळी डोक्यावर राहिला तर पूर्ण १५ मिळतात. तुमच्या कारखान्यात महाग मफ स्वस्त मफपेक्षा कमी काम करतोय, तो या कारणाने.

पाकिटावरचा एनआरआर, म्हणजे मफ किती डेसिबल अडवतो तो आकडा, प्रयोगशाळेतला असतो. आपल्याकडे आवाज 'ए' मापात, म्हणजे माणसाच्या कानाला जाणवतो त्या प्रमाणात मोजतात, म्हणून त्यातून आधी ७ वजा करायचे. एनआरआर २५ चा मफ अगदी नीट बसला तर १८ डेसिबल मिळतात आणि ९५ चे ७७ होतात. प्रत्यक्षात तो इतका नीट बसत नाही. अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा खात्याच्या पद्धतीत ७ वजा करून उरलेल्याचं निम्मं धरतात, म्हणजे ९. तिथल्याच निऑश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेच्या पद्धतीत इअरमफच्या आकड्यातून आधी पाव भाग कापतात, मग ७ वजा करतात. तसे साधारण १२ येतात. म्हणजे ढिला बसला तर आत ८३ ते ८६, चांगला बसला तर ७७. कानापाशी ७५ ते ८० राहावेत हे लक्ष्य धरलं तर तुमच्या शॉपला २५ च्या आसपासचा मफ योग्य. ३१ चा मफ नीट बसला तर आत ७१ उरतात. मग डायचा, म्हणजे प्रेसमधल्या साच्याचा, बदललेला आवाज कळत नाही, मागून येणाऱ्या फोर्कलिफ्टचा भोंगा कळत नाही, माणसाला विहिरीत बसल्यासारखं वाटतं आणि तो मफ उचलून एक कान उघडा करतो. शिवाय जास्त रेटिंगच्या मफचा कप जड असतो आणि बँड घट्ट. १०० डेसिबलच्या वर काम असेल तरच तो घ्यावा.

कारखाना कायद्याखालच्या नियमांत ९० डेसिबलला ८ तास, ९५ ला ४ तास, १०० ला २ तास अशी मर्यादा आहे आणि ११५ च्या वर एक क्षणही परवानगी नाही. निऑशचा हिशेब याहून कडक आहे: ८५ ला ८ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. त्या हिशेबाने ९५ डेसिबलला उघड्या कानांनी जेमतेम पाऊण तास मिळतो. कानाचं नुकसान भरून येत नाही, म्हणून दुसरा हिशेब धरावा असं आमचं स्पष्ट मत आहे.

पुढच्या खेपेला एकच मॉडेल डझनाने आणू नका. तीन वेगवेगळे मफ चार-पाच जणांना प्रत्येकी दोन-दोन दिवस वापरायला द्या आणि कुठे टोचलं ते विचारा: माथ्यावर, कानाच्या पाळीला, जबड्याजवळ की चष्म्याच्या काडीवर. मफ घालायचा तो शॉपच्या दाराबाहेर, आणि काढायचा तोही बाहेरच. फोनसाठी आणि तंबाखूसाठी दाराबाहेर दोन बाकं टाका. तुकडे पत्र्याच्या पिंपात पडत असतील तर पिंपाला आतून ५-६ मिमी जाड रबरी शीट लावा, आणि हवेने तुकडा उडवणारी उघडी नळी असेल तर तिथे आवाज कमी करणारं नोझल बसवा. मफ हा शेवटचा उपाय आहे. आवाज जिथे जन्मतो तिथे आधी कापायचा.

प्रश्न : आम्ही तीन विद्यार्थी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला इअरमफ डिझाइन करतोय. बाजारातले मफ अर्ध्या तासात डोकं दुखवतात. बँड ढिला केला की आवाज आत येतो. दोन्ही एकदम कसं साधायचं? मापं कोणती धरावीत? — विद्यार्थी, प्रतापगंज

उत्तर : तुमचा प्रश्न बँडच्या जोराचा आहे असं वाटतं, पण खरा प्रश्न दाबाचा आहे. जोर तोच ठेवून तो जास्त जागेवर पसरवला की दुखणं कमी होतं आणि सीलही, म्हणजे गादी आणि त्वचा यांच्यातला हवाबंद सांधाही, टिकतं. म्हणून सुरुवात बँडपासून करू नका, गादीपासून करा.

प्रौढ माणसाचा कान उंचीला साधारण ६० ते ६५ मिमी, रुंदीला ३५ ते ४० आणि डोक्यापासून २० ते २५ मिमी बाहेर आलेला असतो. गादीच्या आतलं भोक ६५ × ४२ मिमीपेक्षा लहान नको. ते उभं सरळ नसावं, वरचा भाग १० ते १५ अंश मागे झुकलेला हवा, कारण कानही तसाच असतो. सरळ भोकात कानाची वरची मागची कड गादीखाली येते आणि वीस मिनिटांत दुखायला लागते. झुकलेलं भोक घेतलं की डावा-उजवा कप वेगळे होतात. आतल्या कापडावर 'डा' आणि 'उ' मोठ्या अक्षरांत छापा.

आता दाबाचं गणित. गादीचं बाहेरचं माप ९५ × ७५ मिमी, आतलं ६५ × ४२. लंबवर्तुळाचं क्षेत्र काढलं तर कड्याचं क्षेत्र सुमारे ३४५० चौ. मिमी येतं. गादीचा माथा गोलसर असतो, म्हणून प्रत्यक्षात त्यातला ७० टक्के भागच त्वचेला टेकतो असं धरा. १० न्यूटन जोराला दाब येतो साधारण ४१४० पास्कल. आता तीच गादी अरुंद करून बाहेरचं माप ८५ × ६२ घेतलं, तर त्याच १० न्यूटनला दाब ७१०० च्या वर जातो. मफच्या युरोपीय मानकात बँडचा जोर जास्तीत जास्त १४ न्यूटन आणि गादीचा दाब जास्तीत जास्त ४५०० पास्कल अशी हद्द आहे. त्वचेतल्या केशवाहिन्यांतला दाब साधारण ३२ मिमी पारा, म्हणजे ४२७० पास्कल धरतात. त्याच्या वर सतत दाबलं की तिथला रक्तपुरवठा आखडतो. दुखणं, लाल कडं, डोकं जड होणं, सगळं इथून सुरू होतं. छोटा, सुबक दिसणारा कप बहुतेक वेळा याच कारणाने त्रास देतो.

गादीत सावकाश उसळी घेणारा पीयू (पॉलीयुरेथेन) फोम घ्या, जाडी १८ मिमी, घनता ५० ते ८० किलो प्रति घनमीटर. बोटाने दाबून सोडल्यावर खळगा भरायला दोन-तीन सेकंद लागले पाहिजेत. लगेच उसळणारा सोफ्याचा फोम जबड्याच्या आणि कानामागच्या हाडाच्या मधल्या खोलगट जागेत उतरत नाही, आणि गळती सगळ्यात जास्त तिथेच होते. माणूस बोलतो, सुपारी चघळतो, तेव्हा जबडा हलतो आणि तीच जागा उघडझाप करते. वरचं आवरण पातळ, मऊ पीयू किंवा पीव्हीसीचं. ते शिवू नका, वेल्ड करून घ्या. सुईचं प्रत्येक भोक ही हवेची वाट असते. हेडफोनच्या सुट्या गाद्या आणून लावल्या की मफ चालत नाही, त्याचं कारण बहुतेक हीच शिवण, किंवा आवरणाला पाडलेली बारीक छिद्रं. आवरणात एक-दोन टाचणीएवढी भोकं लागतातच, नाहीतर हवा आत कोंडून गादी फुग्यासारखी कडक राहते. पण ती कपाच्या आतल्या बाजूला उघडली पाहिजेत, बाहेरच्या बाजूला कधीच नाही.

कप एबीएस या टणक प्लॅस्टिकचा, भिंत २.५ ते ३ मिमी. कमी वारंवारतेचा आवाज, म्हणजे कंप्रेसरची घरघर किंवा ढोलाची थाप, अडवणं कपातल्या हवेच्या आकारमानावर आणि गादीच्या कडकपणावर अवलंबून असतं. कपातली हवा स्प्रिंगसारखी वागते. जागा लहान असेल तर कप थोडा हलला तरी आतला दाब बराच बदलतो आणि घरघर आत ऐकू येते. म्हणून १५० घन सेंटिमीटरच्या खाली जाऊ नका. मधल्या आणि वरच्या पट्टीत भिंतीचं वजन आणि आतलं अस्तर कामाला येतं. अस्तराला उघड्या छिद्रांचा पीयू फोम, १० ते १२ मिमी. पुष्कळजण कप फोमने ठासून भरतात. त्याने कमी वारंवारतेत काही मिळत नाही, उलट कान फोमला टेकतो आणि दुखतो. हिशेब असा: कान २० ते २५ मिमी बाहेर आलेला, १८ मिमीची गादी दबून ११ उरते. म्हणून अस्तराचा पृष्ठभाग गादीच्या तळापासून आणखी १४-१५ मिमी आत गेला पाहिजे. ही एक चूक सुधारली तरी निम्म्या तक्रारी जातील.

बँडसाठी स्प्रिंग स्टीलची तार किंवा पॉम (अ‍ॅसिटाल) प्लॅस्टिक. तार असेल तर एका जाड तारेऐवजी २.५ मिमीच्या दोन तारा लांब कमानीत घ्या. आखूड, ताठ बँड अरुंद डोक्यावर ढिला आणि रुंद डोक्यावर करकचून बसतो. लांब कमान दोघांवरही सारख्याच जोराने बसते. १३० मिमी आणि १६० मिमी रुंदीला जोरात ३ न्यूटनपेक्षा जास्त फरक पडू नये, हा आमचा ठोकताळा. जोर मोजायला महागडं यंत्र लागत नाही. प्रवासी सामान तोलायचा डिजिटल काटा घ्या, एक कप टेबलाच्या कडेला शिकंज्यात हलकेच धरा, दुसऱ्याला काटा अडकवून दोन्ही गाद्यांमध्ये १४५ मिमी अंतर होईपर्यंत ओढा. काट्यावर १ किलो आला तर जोर ९.८ न्यूटन. मग बँड हजार वेळा उघडून-मिटून पुन्हा मोजा. जोर पाव भागाने उतरला तर धातू चुकीचा आहे किंवा वाकवताना जास्त ताणला गेला आहे.

माणसाचं डोकं वर रुंद आणि जबड्याकडे निमुळतं असतं. कप बँडच्या टोकाच्या काट्याला (कप धरणाऱ्या दुहेरी फाट्याला) घट्ट जोडला तर गादी वर टेकते आणि खाली उघडी राहते. म्हणून सांध्याला दोन्ही दिशांना ८ ते १० अंश झुकायची मोकळीक द्या. माथ्यावर ३५ ते ४० मिमी रुंद पॅड, आणि पूर्ण मफचं वजन ३०० ग्रॅमच्या आत.

प्रश्न : वरच्याच विद्यार्थ्यांचा पुढचा प्रश्न. कप थ्री-डी प्रिंटरवर पीएलए या प्लॅस्टिकमध्ये काढले. दिसायला उत्तम, पण कंप्रेसरची घरघर जशीच्या तशी ऐकू येते. आणि स्वतः केलेला मफ तपासायचा कसा?

उत्तर : घरघर आत येते म्हणजे कुठेतरी गळती आहे. गळतीने सगळ्यात आधी खालची पट्टी, म्हणजे कमी वारंवारतेचं संरक्षण जातं, वरची पट्टी अडलेलीच राहते, त्यामुळे 'थोडंफार काम करतोय' असा भास होतो. प्रिंटच्या थरांमधून हवा जाते. कप पालथा करून तोंड एका सपाट रबरी शीटवर घट्ट दाबा आणि तसाच पाण्याच्या बादलीत बुडवा. बुडबुडे कुठून येतात ते पाहा: भिंतीतून, की काट्याच्या स्क्रूच्या भोकातून. भिंती चार-पाच थरांच्या आणि भराव १०० टक्के ठेवा, आतून इपॉक्सीचा पातळ हात मारा, स्क्रूखाली रबरी वायसर द्या. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ होतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवलेला कप वाकडा होणार, आणि कड एक मिलिमीटर वाकली तरी सील गेलं. पीईटीजी किंवा एबीएस घ्या.

तपासणीची पहिली पायरी हातानेच करा. गोंगाटात मफ घालून दोन्ही तळव्यांनी कप दाबा. आवाज एकदम उतरला तर सील कमी आहे. काही फरक पडला नाही तर गादी बसली आहे. दुसरी पायरी: स्पीकरवर एकसारखा सळसळता आवाज लावा, कॉलरचा छोटा माइक कानाच्या भोकापाशी चिकटवा, मफशिवाय आणि मफसकट दोन्ही वेळा पातळी लिहा. माइकची तार गादीखालून जाते तिथे फट पडते. तिच्यावर मऊ पुट्टीचा चपटा लगदा लावा, नाहीतर माप तारेचंच येईल. आरामाची परीक्षा वेगळी घ्या. वेगवेगळ्या डोक्यांच्या किमान सहा जणांनी सलग दोन तास घालायचा, पहिल्यांदा हात मफकडे कधी गेला ती वेळ लिहायची, आणि काढल्यावर लाल कडं किती वेळ राहिलं ते पाहायचं. अर्ध्या तासानंतरही कडं दिसत असेल तर दाब जास्त आहे.

याने डिझाइन सुधारता येतं, आकडा छापता येत नाही. मानकाची चाचणी ध्वनिरोधक खोलीत, माणसांच्या ऐकण्याच्या उंबरठ्यावर होते. युरोपीय पद्धतीत १६ माणसं, १२५ ते ८००० हर्ट्झपर्यंत वेगवेगळ्या पट्ट्या. आपल्याकडे कान-संरक्षकांसाठी आयएस ९१६७ हे भारतीय मानक आहे. मानकाची चाचणी पार केल्याशिवाय तुमचा नमुना कुणा कामगाराच्या डोक्यावर संरक्षण म्हणून देऊ नका, कृपा करून.

प्रश्न : एप्रिलपासून शॉपमध्ये घामाने गाद्या ओल्याचिंब होतात. एका फिटरने कपाला ड्रिलने ४ मिमीची दोन-दोन भोकं पाडली. हवा येते, सगळे खूश आहेत. चालेल का? — सुपरवायझर, गोरवा

उत्तर : ते मफ आजच बाद करा. भोक पडलं की कप कप राहत नाही. खालच्या पट्टीचं संरक्षण जवळजवळ संपतं, आणि कपातली हवा आणि भोक मिळून एखाद्या वारंवारतेला आवाज उलट वाढवूही शकतात, बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर घुमतं तसं. खूश असण्याचं कारण हवा आहे, कान शाबूत असणं नव्हे.

बडोद्याच्या मे महिन्यात घाम येणारच, त्याची सोय भोकाशिवाय करावी लागते. प्रत्येकाला गाद्यांचे दोन जोड द्या. जेवणाच्या सुट्टीत ओला जोड काढून सुका चढवायचा. गादी खटक्याने निघणारी असेल तर हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे, म्हणून मफ विकत घेतानाच गादी सुटी मिळते का ते विचारा. ताणून बसणारी पातळ सुती कव्हरं मिळतात. त्यांनी घाम टिपला जातो पण थोडा आवाज जास्त आत येतो. ९० च्या आसपासच्या जागी चालतील, १०० च्या जागी नकोत. माथ्यावरचं रेक्झिनचं पॅड काढून जाळीची पट्टी लावली तर डोकं बरंच थंड राहतं आणि संरक्षणाला धक्का लागत नाही.

धुणं: कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, फडक्याने पुसायचं, सावलीत वाळवायचं. थिनर, पेट्रोल, स्पिरिट लावू नका. पीव्हीसी मऊ ठेवणारं द्रव्य घामाने, केसांच्या तेलाने आणि अशा पुसण्याने बाहेर येतं आणि गादी पापडासारखी कडक होते. पीयूचं आवरण दमट उष्णतेत सोलतं; पावसाळा संपता संपता कपड्यावर काळे कपचे दिसू लागतात ते त्यामुळेच. चिमटीत धरून दाबा: गादी कुरकुरली, तडा दिसला किंवा दाबल्यावर वर आलीच नाही तर बदला. रोजच्या वापरात सहा महिन्यांनी बदलायची, तेलकट आणि घामट जागी तीन-चार महिन्यांनी. एकाचा मफ दुसऱ्याला देऊ नका. दमट दिवसांत कानात बुरशी सहज होते. खाज सुटली किंवा पाणी आलं तर कानात तेल न घालता कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : मी पॅकिंग लाइनवर आहे. चष्मा, कानात कुड्या, वर अंबाडा. मफ घातला की काडी कानशिलात रुतते आणि तरी आवाज येतच राहतो. माझ्यासारखीने काय वापरावं? — वाचक, दांडिया बाजार

उत्तर : ताई, तुमच्या डोक्यावर तीन ठिकाणी सील फुटतंय. चष्म्याची काडी गादीला उचलते आणि तिच्या पुढे-मागे त्रिकोणी फट राहते. साधारण ३ ते ७ डेसिबल तिथेच जातात. जाड, गोल प्लॅस्टिकच्या काडीऐवजी चपटी धातूची, २ मिमीच्या आतली घ्या. ती रुतणारही नाही. गादी मऊ फोमची, रुंद. कंपनी देणारा सुरक्षा चष्मा असेल तर काड्यांऐवजी इलॅस्टिकच्या पट्ट्याचा मागा. चपटा पट्टा गादीखालून गेला तर फट फारच कमी पडते.

कुड्या सपाट असल्या तर गादीच्या भोकाच्या आत राहतात, पण त्यांचा मळसूत्राचा फिरकीचा भाग कानामागे टोचतो. पाळीपुरत्या काढून ठेवणं बरं. झुबे आणि बुगडी तर नकोतच, ती थेट गादीखाली येतात. अंबाडा माथ्यावर असेल तर बँड मागे-पुढे सरकतो आणि कप तिरके होतात, म्हणून तो खाली मानेवर घाला. नाहीतर मानेमागून जाणारा बँड घ्या, मात्र त्याला माथ्यावरून जाणारा पातळ पट्टा हवाच, नाहीतर कपांचं वजन कानांवर येतं. घालताना कप ओढून केस बोटांनी मागे सारा. गादीखाली आलेली बट ही सुद्धा गळतीच आहे. एवढं करूनही जमत नसेल तर फोमचे इअरप्लग वापरा. ते नीट बसवायला शिकावे लागतात: पातळ वळून, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरायचे.

प्रश्न : कानात कापूस घालून भागतं का? आणि आवाज बंद करणारे ब्लूटूथ हेडफोन मफऐवजी चालतील? — वाचक, करेलीबाग

उत्तर : कापसाने भागत नाही, तो जवळपास काहीच अडवत नाही. हेडफोन फक्त संथ, सलग घरघर कमी करतात. हातोड्याचा ठोका, प्रेसचा तडाखा त्यांच्यातून जातो, आणि त्यांना सहसा संरक्षणाचं रेटिंग नसतं. त्यावर गाणं लावलं की कानाला दुहेरी मार.

प्रश्न : नवरात्रात चार वर्षांच्या नातवाला गरब्याला न्यायचं आहे. मोठ्यांचा मफ बसत नाही. लहान मुलांचा घेऊ का? गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशाजवळही लागेल. — आजी, बाबाजीपुरा

उत्तर : घ्या, आणि मुलांचाच घ्या. मोठ्यांचा मफ बारीक डोक्यावर ढिला बसतो. तो बसावा म्हणून काही जण मध्ये रबर किंवा रुमाल लावतात, त्याने जोर एका जागी येतो आणि कानशील दुखतं. मुलाला दुकानात नेऊन घालून पाहा. गादीच्या आत कान पूर्ण मावला पाहिजे, बँड शेवटच्या खाचेवर नको, आणि डोकं हलवलं तरी कप जागचा हलू नये. त्याला 'अ' म्हणायला सांगा आणि जबड्याखाली फट दिसते का बघा. घरी दोन-तीन दिवस आधी मिक्सर चालू असताना खेळ म्हणून घालायची सवय लावा. ऐन मैदानात पहिल्यांदा चढवला तर तो फेकून देईल.

इतक्या लहान मुलाच्या कानात प्लग घालू नका. ते काढून तोंडात जातात आणि घशात अडकू शकतात. मफ घालून झोपवूही नका. एका कुशीवर कप डोक्यात रुतून राहतो. अर्ध्या तासाने स्पीकरपासून लांब, शांत कोपऱ्यात नेऊन मफ काढा, कानामागचा घाम पुसा, पाणी द्या.

सगळ्यात मोठा फरक अंतराने पडतो. मोकळ्या मैदानात एकट्या स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो; ५ मीटरऐवजी २० मीटरवर बसलात तर १२ ने. उंच टांगलेल्या स्पीकरांच्या रांगेसमोर मात्र तो इतक्या लवकर उतरत नाही, त्यामुळे त्यांच्या सरळ समोर न बसता बाजूला बसा. मिरवणुकीत गल्लीच्या दोन्ही भिंतींवरून आवाज परततो, तिथे लांब जाऊनही फार मिळत नाही. मुलाला गच्चीवरून किंवा घराच्या आतल्या खिडकीतून दाखवा. मफ घातलेला असतानाही तो कानावर हात ठेवत असेल, रडत असेल किंवा परतल्यावर 'कानात शीटी वाजते' म्हणाला, तर तेवढ्यावर त्या दिवसाचा गरबा संपवा. ती शीटी किंवा कान भरल्यासारखं वाटणं दुसऱ्या दिवशीही राहिलं तर त्याची श्रवण तपासणी करून घ्या.